सरावाच्या वेळचें मरण

सैनिकाचें मरण म्हटलें कीं रणांगणाचेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तोफांचा भडिमार, शत्रूची चढाई, निशाण घेऊन पुढें घुसणारी तुकडी, यांवांचून तें चित्र आपणांस पुरें वाटत नाहीं. परंतु सीमेवर एकहि गोळी सुटलेली नाहीं अशा स्वस्थ दिवशीं, सकाळीं चहा घेऊन नित्याच्या कामास गेलेला सैनिक दुपारीं घरीं परतत नाहीं, हा प्रकारहि कांहीं विरळा नव्हे. त्याची वार्ता वर्तमानपत्रांत एक-दोन दिवस राहते आणि मग दुसऱ्या वार्तांखालीं दडपून जाते. अशा एका दिवसाची हकीकत, तिच्या मागील कारणासुद्धां, आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

ता. 28 मार्च 2014, शुक्रवार. भारतीय वायुदलाचें सी-130 जे या जातीचें एक मालवाहू विमान सकाळीं दहा वाजतां आग्र्याहून नित्याच्या सरावासाठीं निघालें. त्याच्या पुढें त्याच जातीचें दुसरें विमान होतें. दोघांनीं जोडीनें, जमिनीला धरून, चंबळेच्या बाजूच्या ओसाड मुलुखावरून उडावयाचें, असा त्या दिवसाचा पाठ होता. पुढील विमान सुखरूप राहिलें. मागील विमान ग्वाल्हेरच्या वायुदल-तळापासून पश्चिमेस 72 मैलांवर, राजस्थान व मध्य प्रदेश यांच्या सीमेजवळ, जमिनीवर आदळलें. आंत पांच जण होते. पांचांपैकीं एकहि वांचला नाहीं.

ते दिवस लोकसभेच्या निवडणुकीच्या धामधुमीचे होते, त्यामुळें या वार्तेस मिळावी तेवढी जागा बहुधा कोठेंच मिळाली नाहीं. ज्यांनीं ती वाचली त्यांस आश्चर्य वाटलें तें निराळ्याच कारणासाठीं. विमान पडलें कीं ‘जुनें झालें होतें, दुरुस्ती धड झाली नव्हती’ असें म्हणून मोकळें होण्याची आपणां सर्वांस संवय जडलेली आहे, आणि कित्येक प्रसंगीं तें म्हणणें खरेंहि असतें. येथें तसें म्हणण्यास जागा नव्हती. विमान सेवेंत येऊन जेमतेम तीन वर्षें झालीं होतीं. अमेरिकेशीं 2008 सालीं करार होऊन अशीं सहा विमानें विकत घेण्यांत आलीं. साहित्य, सुटे भाग व शिक्षण धरून त्यांचा खर्च शंभर कोटी डॉलरांच्या आसपास गेला. त्यांपैकीं पहिलें 2011 च्या फेब्रुवारींत दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उतरलें. वायुदलाच्या ताफ्यांतील हीं अगदीं नवीं, अगदीं लाडकीं विमानें होतीं. नवें विमान आणि निवडक माणसें; मग झालें तरी काय?

त्याचें उत्तर देण्यापूर्वीं या विमानाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. सी-130 हें कुळ तसें फार जुनें. त्यांतील पहिलें विमान 23 ऑगस्ट 1954 रोजीं अमेरिकेंत उडालें. ग्रीक पुराणांतील महाबली वीराच्या नांवावरून त्यास हर्क्युलिस म्हणतात. बांधा धिप्पाड, पंख धडाच्या वरच्या अंगास बसविलेले, पोटाशीं बळकट चाकें, आणि शेपटीखालीं एक मोठा उतरता दरवाजा. त्यांतून जीपगाडी सरळ आंत नेतां येते, आणि उडतां उडतां तोच दरवाजा उघडून माल किंवा छत्रीधारी सैनिक खालीं सोडतां येतात. ‘जे’ हा या कुळांतील नवा अवतार. त्याला चार इंजिनें, प्रत्येकावर सहा पात्यांचा पंखा. पंखांचा विस्तार या टोंकापासून त्या टोंकापर्यंत 132 फुटांवर, आणि भरल्या विमानाचें वजन सुमारें 70 टन. असें असून त्यास गुळगुळीत लांबलचक धांवपट्टीची मातबरी वाटत नाहीं. आंखूड, खडबडीत, मातीच्या पट्टीवरहि तें उतरतें. याच गुणासाठीं आपण तें घेतलें.

तीन वर्षांत त्यानें तो गुण दाखवूनहि दिला होता. सप्टेंबर 2011 मध्यें सिक्कीमला भूकंपाचा धक्का बसला, तेव्हां मदत घेऊन हीं विमानें धांवलीं. जून 2013 मध्यें उत्तराखंडांत प्रलय झाला. केदारनाथच्या यात्रेंतून आपलीं माणसें परत येतात कीं नाहीं म्हणून महाराष्ट्रांतील किती घरें तेव्हां दूरध्वनीजवळ बसून होतीं, तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या डोंगरांत हेलिकॉप्टरें चालू ठेवावयाचीं तर तेल पाहिजे होतें, आणि तें तेल घेऊन हर्क्युलिस विमान धरासूच्या चिमुकल्या पट्टीवर उतरलें. त्याच वर्षीं 20 ऑगस्ट रोजीं एक विमान लडाखमध्यें दौलत बेग ओल्डी येथें, समुद्रसपाटीपासून 16,614 फुटांवर उतरलें. आणि अपघाताच्या अवघ्या आठवड्यापूर्वीं, 8 मार्चपासून नाहींशा झालेल्या मलेशियाच्या प्रवासी विमानाच्या शोधासाठीं आपण जीं विमानें पाठविलीं, त्यांतहि एक हर्क्युलिस होतें. म्हणजे दुसऱ्यांच्या हरवलेल्या माणसांस शोधावयास याच जातीचें विमान परदेशीं गेलेलें असतां, घरीं त्याचा एक भाऊ पडला.

आतां त्या दिवसाच्या पाठाविषयीं. एवढें अवजड विमान जमिनीच्या इतकें जवळ न्यावयाचें कशासाठीं, असा प्रश्न कोणाहि गृहिणीच्या मनांत येईल, आणि तो रास्तच आहे. त्याचें कारण रडारचा स्वभाव. रडारचे किरण सरळ रेषेंत जातात. पृथ्वी गोल, मध्यें टेकड्या, घळी, झाडी. उंचावरून येणारें विमान दूरवरून दिसतें. टेकड्यांच्या आडून, जमिनीला घांसून येणारें विमान शत्रूस दिसतें तेव्हां त्याला कांहीं करावयास वेळ उरत नाहीं. छत्रीधारी सैनिकांस शत्रूच्या पाठीमागें सोडावयाचें तर मार्ग हाच. आणि एका विमानांत मावतात त्या सैनिकांनीं भागत नाहीं, म्हणून विमानें एकामागून एक, ओळीनें जातात. ओळींत अंतर फार ठेवलें तर खालीं उतरलेलीं माणसें मैलोगणती विखुरतात आणि एकेकटीं मारलीं जातात.

या विद्येचा उपयोग आपल्या माणसांनीं प्रत्यक्ष केलेला आहे. 11 डिसेंबर 1971 रोजीं संध्याकाळीं आजच्या बांगला देशांतील तंगाईलजवळ भारताची एक अख्खी पलटण विमानांतून छत्र्यांनिशीं उतरली. सुमारें सातशें जवान, तोफांसुद्धां. पूंगली येथील पूल ताब्यांत घेऊन उत्तरेकडून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट त्यांनीं अडविली. ती पलटण म्हणजे छत्रीधारी रेजिमेंटची दुसरी, मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची. आणि अवघ्या पांच दिवसांनीं, 16 डिसेंबरला, ढाक्यांत प्रथम पाऊल टाकणाऱ्यांत तिचेच जवान होते. सातारा-कोल्हापूरकडच्या पोरांस त्या संध्याकाळीं नेमक्या जागीं उतरविणारे वैमानिक तें एका दिवसांत शिकले नव्हते. डाकोटा, पॅकेट असलीं जुनीं विमानें घेऊन त्यांनीं वर्षानुवर्षें हाच सराव केला होता.

परंतु एका मोठ्या विमानाच्या मागें दुसरें मोठें विमान नेण्यांत एक शत्रु असतो, आणि तो दिसत नाहीं. त्याचें वर्णन जरा सविस्तर करावें लागेल.

विमान हवेंत तरंगतें, कारण पंखाखालील हवेचा दाब पंखावरील हवेच्या दाबाहून अधिक असतो. पंखाच्या मध्यभागीं या दोन हवांची गांठ पडत नाहीं. टोंकाशीं मात्र खालच्या हवेस वर निसटावयास वाट मिळते आणि ती पंखाच्या टोंकास वळसा घालून वर जाते. विमान तर पुढें पळत असतें. तेव्हां हा वळसा मागें लांबत जाऊन पीळ दिलेल्या दोरासारखा एक आडवा भोंवरा बनतो. दोन टोंकांस दोन भोंवरे: मागून पाहणाऱ्यास डावीकडचा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतांना दिसेल, उजवीकडचा त्याच्या उलट, अर्थात् दिसतील तर! धुरळा किंवा धूर असला तरच ते दिसतात. नदींतून होडी जोरानें गेली म्हणजे तिच्या मागें पाणी दुभंगून घुसळत राहतें. होडी वळणापलीकडे गेली तरी कांठावरचे दोर हलत असतात. हवेंतहि तसेंच होतें, एवढेंच कीं येथें घुसळणारी वस्तु 70 टनांची असते.

या भोंवऱ्यांचा जोर विमानाच्या वजनावर अवलंबून असतो. विमान जेवढें जड आणि जेवढें सावकाश, तेवढा भोंवरा बलवान्. शिवाय ते जागच्या जागीं राहत नाहींत. मिनिटास तीन-चारशें फूट या बेतानें ते हळूहळू खालीं बसत जातात, वाऱ्याबरोबर बाजूस सरकतात, आणि हवा स्थिर असली तर दोन-तीन मिनिटें जिवंत राहतात. मागच्या विमानाचा एक पंख अशा भोंवऱ्यांत सांपडला तर तें एका अंगावर पालथें होऊं पाहतें. दोन्ही भोंवऱ्यांच्या मधोमध शिरलें तर वरून जणूं कोणी हातानें दाबावें तसें खालीं ढकललें जातें. पुरेशी उंची असेल तर वैमानिक सांवरतो. त्याच्याखालीं कांहीं शेंकडे फूटच उरलेले असतील तर सांवरावयास लागणारे सेकंद त्याच्या हातीं नसतात.

वायुदलाच्या चौकशीनंतर जें वृत्त प्रसिद्ध झालें त्याप्रमाणें त्या दिवशीं घडलें तें हेंच: पुढल्या विमानानें मागें ठेवलेल्या खवळलेल्या हवेंत मागलें विमान सांपडलें आणि वर येण्यापूर्वींच जमिनीला टेकलें. यांत इंजिनाचा दोष कोणीं सांगितला नाहीं.

हा शत्रु आज-कालचा नाहीं. 8 जून 1966 रोजीं अमेरिकेंत एका अजस्र प्रायोगिक बाँबफेकी विमानाच्या शेजारून छायाचित्रें काढण्यापुरतें कांहीं लहान विमानांनीं जोडीनें उडावयाचें ठरलें. त्यांतील एक लहान विमान मोठ्याच्या पंखाजवळील भोंवऱ्यांत ओढलें गेलें आणि दोन्ही विमानें नष्ट झालीं. लहान विमानाचा चालक जो वॉकर हा तर त्या काळांतील अत्यंत अनुभवी वैमानिकांपैकीं एक होता. 12 नोव्हेंबर 2001 रोजीं न्यूयॉर्कमध्यें एक प्रवासी विमान पुढें गेलेल्या जंबो विमानाच्या भोंवऱ्यांतून जात असतां, तें सांवरण्याच्या घाईंत चालकानें सुकाणूस इतके हिसडे दिले कीं शेपटीचा उभा पंखच तुटून गेला. 265 माणसें मेलीं. प्रवासी विमानतळांवर जड विमानामागून हलकें विमान उतरावयाचें असेल तर मध्यें कित्येक मैलांचें अंतर राखतात तें याचसाठीं. विमान ‘उगीच घिरट्या घालतें आहे’ म्हणून आपण खिडकीशीं बसून चडफडतों, त्यांतील कांहीं मिनिटें या अंतराचीं असतात.

मग लष्करी विमानांस हें अंतर कां नको? सामान्य उड्डाणांत तीं तें राखतातच. ओळीनें जातांनाहि नियम असतो कीं मागल्यानें पुढल्याच्या रेषेपेक्षां किंचित् वर राहावें, किंवा वारा येतो त्या बाजूस सरकून राहावें, म्हणजे बसत जाणारे भोंवरे त्याच्या खालून निघून जातील. कागदावर हें सोपें आहे. परंतु खालीं टेकड्या चढत-उतरत आहेत, पुढलें विमान वळत आहे, त्याच्याशीं जुळवून घेतांना उंची दर क्षणीं बदलत आहे, अशा वेळीं ‘किंचित् वर’ म्हणजे नेमकें किती, हें नजरेनें व हातानेंच शिकावें लागतें. उंचावर, मोकळ्या हवेंत या पाठाचा पूर्वार्ध गिरवतां येतो; जमिनीवर ठेवलेल्या कृत्रिम कक्षांत बसूनहि पुष्कळ गिरवतां येतें. उत्तरार्ध जमिनीजवळच गिरवावा लागतो. म्हणून असला सराव बंद करा असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसूं शकत नाहीं.

आमची तक्रार निराळी आहे. लष्करी अपघाताच्या चौकशीचा अहवाल सबंध जनतेपुढें ठेवण्याची आपल्याकडे चाल नाहीं. अमेरिकन वायुदलांत गुप्त भाग वगळून अपघाताचा वृत्तांत प्रसिद्ध होतो आणि तो कोणाहि नागरिकास वाचतां येतो. गुप्ततेची गरज आम्हांस समजते. विमानांत काय होतें, कोणत्या वाटेनें जाण्याचा बेत होता, हें शत्रूस कळूं नये हें ठीक. परंतु पंखाच्या टोंकाचा भोंवरा हें कांहीं राष्ट्राचें गुपित नव्हे. काय चुकलें, कोठें अंतर कमी पडलें, पुढें कोणता नियम बदलला, एवढें जरी अधिकृतपणें सांगितलें तरी ज्यांचीं मुलें उद्यां त्याच वाटेनें उडणार आहेत त्या आईबापांस धीर येईल. आणि आतां हीं नुसतीं मुलेंच राहिलेलीं नाहींत. 1990 नंतरच्या दशकापासून आपल्या वायुदलांत मालवाहू विमानें मुलीहि चालवूं लागल्या. पुण्या-नाशिकाकडच्या घरांतून ‘मुलीला वायुदलांत धाडूं का’ हा विचार हल्लीं सहजपणें होतो. अशा घरांस सत्य सांगितल्यानें तीं भितील असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं.

तसें पाहिलें तर त्या पांच घरांस निदान त्याच दिवशीं कळलें. मालवाहू विमानांच्या इतिहासांत याहून कठीण प्रतीक्षा कित्येकांच्या वांट्यास आली आहे. 7 फेब्रुवारी 1968 रोजीं चंदीगडहून लेहला 102 जणांस घेऊन निघालेलें एक ए-एन 12 विमान रोहतांगच्या बाजूस हिमांत गडप झालें. पस्तीस वर्षांनीं, 2003 सालीं, गिर्यारोहकांस त्याचे अवशेष प्रथम सांपडले. आणि त्यांतील चार सैनिकांचे देह तर 2024 सालीं, म्हणजे छप्पन वर्षांनीं, बर्फांतून हातीं आले. तोंपर्यंत वाट पाहणाऱ्या किती आया आणि किती पत्नी निघून गेल्या असतील! 22 जुलै 2016 रोजीं मद्रासजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलें ए-एन 32 विमान 29 माणसांसह बंगालच्या उपसागरावर नाहींसें झालें. समुद्राच्या तळाशीं, 3,400 मीटर खोलीवर, त्याचे तुकडे दिसले ते जानेवारी 2024 मध्यें. साडेसात वर्षें कुंकू लावावें कीं न लावावें या पेंचांत ज्या स्त्रिया राहिल्या, त्यांच्याविषयीं आपल्या समाजानें फारसें कांहीं लिहिलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. युद्धांत पडलेल्याच्या घरावरून मिरवणूक जाते, चौकास नांव दिलें जातें. सरावांत गेलेल्याच्या दारीं शेजारी येतात आणि ‘अपघात हो, दैव’ म्हणून उठतात. दैव हा शब्द आमच्या तोंडींहि येतो. पण जमिनीपासून कांहीं शेंकडे फुटांवर अवजड विमान न्यावयाचें हें ज्यानें रोजच्या कामाचा भाग म्हणून पत्करलें, त्याच्या मरणास ‘अपघात’ एवढाच शब्द आम्हांस तोकडा वाटतो.

पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. हरपलेल्या विमानाच्या जागीं एक नवें घेण्यांत आलें. आणखी सहांचा दुसरा ताफा येऊन तो बंगालमध्यें पानागढ येथें ठेवण्यांत आला. सराव थांबला नाहीं. रात्रींच्या काळोखांत, डोळ्यांवर खास चष्मे लावून, दिव्यांवांचून उतरण्याचे पाठहि चालू राहिले.

एप्रिल 2023 मध्यें आफ्रिकेंतील सुदान देशांत दोन सेनापतींचें आपसांत युद्ध पेटलें आणि तेथील हिंदी लोक अडकून पडले. ज्यांस बंदरापर्यंत पोंचतां येईना अशांसाठीं खार्टूमच्या उत्तरेस सुमारें 40 किलोमीटरांवर वादी सय्यिदना नांवाची एक मोडकी पट्टी होती. तेथें ना दिवे होते, ना तेल, ना वाट दाखविणारें कोणी. 27 एप्रिलच्या रात्रीं वायुदलाचें एक हर्क्युलिस विमान त्या काळोखांत उतरलें. पट्टीवर कांहीं अडथळा आहे कीं काय, शत्रु दबा धरून आहे कीं काय, हें वैमानिकांनीं वरूनच न्याहाळलें. उतरल्यावरहि इंजिनें चालूच ठेवलीं. सैनिकांनीं खालीं उतरून माणसें व सामान चढवून घेतलें. 121 जण चढले. त्यांत आजारी माणसें होतीं, आणि एक गर्भवती स्त्री होती. विमान तसेंच, दिव्यांवांचून, पुनः उडालें आणि समुद्र ओलांडून जेद्दाला पोंचलें.